ढुम् इकडे, चक-चक तिकडे

बंगळूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो मला तिथली हवा कशी होती आणि रस्त्यांवर गर्दी किती होती, एवढंच विचारतो. हवा छान होती. गर्दीही भरपूर होती. पण मी तिथे माउथ ऑर्गन दुरुस्त करायला गेले होते आणि त्या आठवड्यात एक बिघडलेलं वाद्य आणखी बिघडवून बसले, हे ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून लिहूनच काढते.

सांगलीत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवरची घड्याळं नवरा बघतो, मनगटावरची मी. पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे माझा डावा डोळा फोटोत नेहमी बारीक येतो. माउथ ऑर्गन मूळचा माझ्या भावाचा. तो कॉलेजात गेला, त्याचा नाद सुटला आणि मला लागला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानात वाजवते. हे वाद्य वाजवताना बोलता येत नाही, आणि नवऱ्याला ते एवढं आवडतं ते याच कारणासाठी, असा माझा जुना संशय आहे.

वाजवता वाजवता ते उघडून बघायची सवय लागली. आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना रीड म्हणतात. टोकाशी घासली की सूर वर चढतो, बुडाशी घासली की खाली उतरतो. घड्याळातल्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगपुढे हे काम म्हणजे सुतारकामच. माउथ ऑर्गनवाल्यांचा मोबाईलवर एक गट आहे. त्यात मी सुचवलेल्या दोनचार उपायांमुळे माझं बरं नाव झालं. त्याच गटात बंगळूरच्या नागराज सरांनी लिहिलं की त्यांचा कॉर्डचा, म्हणजे साथीचा, माउथ ऑर्गन बिघडलाय आणि तिथे कुणी हात लावायला तयार नाही. माझी भाची केतकी नोकरीसाठी बंगळूरलाच राहते, आणि तीन वर्षं "मावशी, ये ना" म्हणत होती. मी भडंगाची पिशवी आणि हत्यारांचा डबा घेऊन निघाले.

यशवंतपूर ते बनशंकरी

गाडी सकाळी यशवंतपूरला पोचली. केतकी घ्यायला आली होती. तिनं मिठी मारली आणि लगेच कानात सांगितलं, "मावशी, ऑटोत मराठीत मोठ्यानं बोलू नकोस हं. उगाच इश्यू नको."

केतकी पुण्यात वाढलेली. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, घरी मराठी, आणि कन्नडमध्ये तिला पाच शब्द येतात. त्यातले दोन, 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'थोडंसं' आणि 'बरं', ती सगळीकडे वापरते. "स्वल्प सरक ना," असं तिनं मला म्हटलं तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

तर बंगळूरचा पहिला तासभर मी तोंड मिटून पाहिला. झाडं मोठी, पूल त्याहून मोठे, आणि पुलाखाली आमची ऑटो. बनशंकरीला उतरताना ड्रायव्हरनं माझी पिशवी उचलून दिली. पिशवीवर भडंगवाल्याचं नाव आणि खाली 'सांगली' असं छापलेलं होतं. तो वाचून हसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "तासगावला द्राक्षाच्या छाटणीला होतो मी, दोन हंगाम. तिथली माणसं चांगली."

केतकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी त्याला मूठभर भडंग दिलं.

पण वर जाताना जिन्यात मला आमचं दुकान आठवलं. अथणीकडचं, जतकडचं गिऱ्हाईक येतं आणि कन्नडमध्ये सुरू होतं, तेव्हा मी कळूनही न कळल्यासारखं करते. त्यांनी मोडकीतोडकी का होईना मराठी बोलल्याशिवाय घड्याळ हातात घेत नाही. त्यांची मला कधी भीती वाटली नव्हती. माझी त्यांना वाटत असेल, हे प्रथमच डोक्यात आलं. मग केतकीनं चहा दिला आणि मी तो विचार सोडून दिला.

रविवार, चुकीचं फाटक

नागराज सरांनी कळवलं होतं: रविवारी सकाळी साडेसात, केतकीच्या घराजवळची बाग, पूर्वेचं फाटक, आत शिरल्यावर मोठ्या झाडाखाली. डिसेंबर होता, आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे पूर्व कुठली हे सूर्यही सांगेना. ऑटोनं जिथे सोडलं तिथून मी आत शिरले. आत मोठं झाड होतं. झाडाखाली सातआठ वयस्क मंडळी कानटोप्या घालून माउथ ऑर्गन पुसत बसली होती. आणखी काय हवं?

मी म्हटलं, सांगलीहून आले, रीडचं काम करते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग पांढऱ्या मिशांचा एक जाडसर माणूस उठला. "सांगलीच्या काय? या की ओ. बसा की."

परमुलखात 'बसा की' ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी कुणाचंही नाव न विचारता बसले. त्यांचं नाव बाळकृष्ण पाटील, पण सगळे बाळूअण्णा म्हणत. मूळ निपाणीजवळच्या खेड्यातले, घरी मराठी, शाळा मराठीत, आणि पोटासाठी चाळीस वर्षं बंगळूरला. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मांडीवर बेसचा माउथ ऑर्गन होता. हा बाजा साधा नसतो. दुमजली असतो, हातभर लांब, आणि त्यातून बोटीच्या भोंग्यासारखा खालचा आवाज येतो. त्यात फक्त फुंकायचं असतं, आत ओढायचं नसतं. त्यामुळे वाजवणाऱ्याला श्वास चोरून घ्यावा लागतो, आणि गाणं संपेतो तो टोमॅटोसारखा लाल होतो.

एक सूर महिनाभर बंद आहे, असं ते म्हणाले. मी तिथेच डबा उघडला. पाच मिनिटांत रीडच्या खाली अडकलेला मोहरीचा दाणा चिमट्यानं काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. बाळूअण्णांनी त्या दाण्याकडे बघितलं आणि कबूल केलं की ते चटणी-इडली खाऊन लगेच वाजवायला बसतात. सगळे हसले. मला इडली मिळाली, केशरी शिरा मिळाला, आणि एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घ्यायची इथली पद्धत मिळाली. आमच्याकडे अर्धा चहा मागितला तर माणसाला कंजूस म्हणतात. इथे दोन ओळखीची माणसं अख्खी कॉफी मागवत नाहीत.

मग त्यांनी वाजवलं. सगळी कन्नड गाणी. मला एकही येत नव्हतं, तरी पाय हलत होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाळूअण्णा पहिल्या मात्रेला फुंकत, ढुम्, आणि पुढच्या दोन मात्रांना बाकावर दोन बोटं आपटत. ढुम्, टक-टक. ढुम्, टक-टक. मी विचारलं, बोटं कशाला?

ते म्हणाले, तिथं कॉर्ड असतोय. कॉर्डच्या बाज्यात एका फुंकरीत चार सूर एकदम वाजतात, चक-चक. बेसचा ढुम् आणि कॉर्डचा चक-चक मिळून गाण्याला चाल येते. आमच्याकडं कॉर्ड नाही आता.

आता मी किती साधी बाई आहे बघा. मी म्हटलं, "कॉर्ड तर नागराज सरांकडे आहे ना? ते कुठे दिसेनात?"

एकानं आपला बाजा पुन्हा पुसायला घेतला. बाळूअण्णांनी हनुवटीनं बागेच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं. "ते तिकडल्या फाटकाला असतात."

मग सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा एकच गट होता. कार्यक्रम ठरला की चौदापंधरा गाणी निवडायची, आणि ती सगळी जुनी हिंदी असायची. एकदा बाळूअण्णांनी म्हटलं, बंगळूरच्या बागेत वाजवतोय, दोन तरी कन्नड गाणी घेऊ या. मागणी काही फार नव्हती. पण वाद पेटला. कुणी म्हणालं, आज दोन, उद्या सगळी मागाल. कुणी म्हणालं, मग तुम्ही इथे राहता तरी कशाला? गट फुटला. कन्नडवाले पश्चिमेच्या फाटकाशी, हिंदीवाले पूर्वेच्या. माउथ ऑर्गनमध्ये शब्द नसतात, तो नुसता वाजतो, हे त्या गरमागरमीत कुणाच्या लक्षात आलं नसावं.

गंमत अशी की ज्यांची मातृभाषा मराठी ते बाळूअण्णा कन्नड गटात, आणि ज्यांच्या सात पिढ्या म्हैसूरच्या ते नागराज सर हिंदी गटात. मला हसू आलं. बाळूअण्णा हसले नाहीत.

"गाण्याचं मी विसरलो असतो ताई," ते म्हणाले. "खरं, सर त्या दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाले, तू निपाणीचा, तुला कन्नडचा एवढा पुळका कशाला? वीस वर्षं शेजारी बसून वाजवलंय आम्ही. गावाकडं गेलो की चुलतभाऊ म्हणतात, आला बघा बंगळूरचा कानडी. इथं सर म्हणतात निपाणीचा. मग मी कुठला, सांगा की."

मी डबा बंद केला आणि बाग ओलांडली.

पूर्वेच्या फाटकाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ घड्याळ बघत उभे होते. ते सव्वा तास उभे होते. नागराज सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. उत्तर चुकलेल्या मुलीला सांगावं तसं ते मला हिंदी-इंग्रजीत म्हणाले की तुम्ही पश्चिमेच्या फाटकातून आत शिरलात. माझ्या ओठाला केशरी शिरा लागलेला होता, तोही त्यांनी पाहिला असणार. त्यांच्या मंडळींनी मला दोन गाणी वाजवून दाखवली. सूर सुरेख होते, पण गाणी जमिनीवर पाय न टेकता चालल्यासारखी वाटत होती. ढुम् तिकडे राहिला होता आणि चक-चक बिघडला होता.

मंगळवार, नागराज सरांचं घर

सरांच्या घराशी पोचले तर आतून बेस आणि कॉर्ड दोन्ही ऐकू येत होते. ढुम् चक-चक, ढुम् चक-चक, अगदी घट्ट. मला वाटलं, मिटलं वाटतं! मी घंटी दाबली. आवाज थांबला. आत सर एकटेच होते. मांडीवर दोन फूट लांबीचा कॉर्डचा बाजा, शेजारी मोबाईल. त्यांनी तो मोबाईल इतक्या घाईनं खिशात घातला की एखादा शाळकरी मुलगाच वाटावा.

त्यांच्या पत्नी जयाक्का मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि कन्नड, हिंदी आणि हातवारे यांच्या मदतीनं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोबाईलमध्ये जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. त्यातला बेस बाळूअण्णांचा. सर दोन वर्षं रोज सकाळी त्यावर कॉर्ड वाजवतात, बिघडलेला असला तरी. सर खिडकीबाहेर बघत बसले. जयाक्कांनी पुढे असंही दाखवलं की फोन उचलून बोलायला एक मिनिट लागतं, पण तेवढं यांच्यानं होत नाही.

जेवायला अवरेकाळूचा उपमा होता, म्हणजे आपले पावटे, पण सोलून एवढे मऊ केलेले की आमच्या पावट्यांना ओळख पटली नसती. सांबार गोड होतं. सांबारात गूळ! मी पहिला घास घेतला आणि आमटी समजून खिरीत पोळी बुडवल्यासारखा माझा चेहरा झाला असावा, कारण जयाक्कांनी लगेच लिंबाचं लोणचं पुढे सरकवलं. दुसऱ्या वाटीला ते मला आवडायला लागलं, हे मी सांगलीत अजून कुणाला बोललेले नाही.

जेवण झाल्यावर मी बाजा उघडला. सगळ्यात जास्त वाजणारे दोन कॉर्ड बेसूर झाले होते. केतकीनं माझ्या मोबाईलमध्ये सूर मोजायचं ॲप घालून दिलं होतं. सूर बरोबर आला की हिरवी रेघ दिसते. मी भिंग लावलं, दुपारभर एकेक रीड घासली आणि सगळ्या हिरव्या रेघेवर आणून ठेवल्या. दोन्ही कॉर्ड काचेसारखे स्वच्छ वाजू लागले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सरांनी वाजवून बघितलं, आभार मानले आणि मग न विचारता म्हणाले, "निपाणीचा म्हणालो ती थट्टा होती. मी रोज सगळ्यांची थट्टा करतो." मी म्हटलं, असेल. ते म्हणाले, "त्याला ती लागली हे मला त्याच वेळी कळलं होतं. मग जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं."

तेव्हा मी खोटं बोलले. पक्की खात्री करायची तर हा बाजा बेसच्या शेजारी वाजवून बघावा लागेल, गुरुवारी दुपारी माझ्या भाचीकडे या, असं सांगितलं. घड्याळवाल्या माणसाचं लोक ऐकतात. सर कॉफीच्या पेल्यात बघत राहिले आणि म्हणाले, "सरी."

बाहेर पडल्यावर बाळूअण्णांना फोन लावला आणि तेच उलटं सांगितलं: बेस कॉर्डशेजारी वाजवून बघायला हवा. त्यांनी विचारलं, मोहरीचा आणखी एखादा दाणा असेल काय? असेल, मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

गुरुवार, केतकीचा फ्लॅट

केतकी त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिला मी सांगितलं की दोन आजोबा येतील, स्वल्प आवाज होईल. ती "सरी" म्हणाली आणि आतल्या खोलीत मीटिंगला बसली.

दोघं पाच मिनिटांच्या अंतरानं आले. सर सोफ्याच्या एका टोकाला बसले, बाळूअण्णा दुसऱ्या. मधे तीन माणसं मावली असती. मी पाणी दिलं, भडंग दिलं. दोघांनी भडंग फार लक्ष देऊन खाल्लं. मी बाळूअण्णांना खाल्ल्यावर आधी चूळ भरायला लावली. तेवढं सोडलं तर पंधरा मिनिटं खोलीत दाण्यांचा कुरकुर आवाज होता. माझी युक्ती इथपर्यंतच होती. माणसं एका सोफ्यावर आली की पुढचं आपोआप होईल, अशी माझी समजूत होती.

शेवटी मी म्हटलं, एकेक सूर द्या. बाळूअण्णांनी खालचा सूर फुंकला, सरांनी त्यावर कॉर्ड धरला. आणि माझ्या अंगावर काटा आला, तो आनंदानं नव्हे. दोन्ही सूर मिळत नव्हते. आवाजात लाटा येत होत्या, वांव-वांव-वांव, जुन्या पंख्यासारख्या.

दोघंही थांबले. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे माझं वाद्य नाही," सर म्हणाले.

"ताई, सूर खाली आणून ठेवलाय तुम्ही," बाळूअण्णा म्हणाले. आणि सरांकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. सरांनी जोरजोरात मान हलवली. मग दोघं मिळून मला समजावू लागले. हे दोन्ही बाजे त्यांनी एकाच दिवशी घेतले होते. कंपनीनं दोन्ही थोडे चढे ठेवलेले, केसभर. तो केसभर चढेपणा वीस वर्षं दोघांच्या कानात बसलेला होता. मी सरांचे दोन कॉर्ड हिरव्या रेघेवर आणले, म्हणजे ॲपच्या दृष्टीनं बरोबर केले आणि बेसच्या दृष्टीनं बिघडवले. मी सोयीसाठी जे खोटं बोलले होते ते खरंच निघालं. शेजारी ठेवून बघायलाच हवं होतं, आणि ते आधी.

दोन वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते या गोष्टीवर, की सांगलीच्या बाईनं घोटाळा केलाय. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. मी डोळ्याला भिंग लावलं, म्हणजे कुणाकडे बघावं लागत नाही.

आता उपाय एकच होता. बेसच्या सुरावर कानानं कॉर्ड मिळवायचा. बाळूअण्णांनी सूर धरायचा, सरांनी त्यावर आपला सूर धरायचा, मी लाटा मोजायच्या, बाजा उघडायचा, रीडच्या टोकाशी एकदा घासायचं, बंद करायचा, पुन्हा दोघांनी फुंकायचं. अशा सोळा रीड, प्रत्येक सुराला दोन. बेसचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून सरांना सरकून बाळूअण्णांच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. दोघांचा श्वास एकाच वेळी सुरू व्हायला हवा, म्हणून आधी ते माझ्या बोटाकडे बघत. थोड्या वेळानं त्यांना बोटाची गरज राहिली नाही.

आतल्या खोलीतून केतकी डोकावून गेली. तिच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं होतं की तुझ्या घराजवळ बंदर आहे का.

तासाभरानं बाळूअण्णा लाल झाले होते. मी थांबा म्हटलं आणि पाणी आणायला उठले. परत येते तर सर बेसकडे बघत हळू आवाजात कन्नडमध्ये बोलत होते. फार नाही, एखादं वाक्य, मग जरा थांबून आणखी एक. बाळूअण्णा रुमालानं बाजा पुसत होते. पुसून झालेला बाजा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुसला. मग ते एकच शब्द बोलले आणि सरांच्या गुडघ्यावर थाप मारली.

इतक्या दिवसांत जिथे माझं अडे तिथे बाळूअण्णाच मला मराठीत सांगत. म्हणून सवयीनं विचारलं, "काय म्हणाले सर?"

"काय नाही ओ," ते म्हणाले. "रीडबद्दल."

त्या दोन वाक्यांत 'रीड' हा शब्द कुठेच नव्हता. तेवढं कन्नड मलाही कळतं. मी पाणी ठेवलं आणि पुढची पट्टी घासायला घेतली.

पुन्हा रविवार

त्यानंतर दोन्ही गट एक झाले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालेलं नाही. बाळूअण्णांचा परवाच फोन आला होता. अजूनही कन्नडवाले पश्चिमेला बसतात, हिंदीवाले पूर्वेला, आणि दोन्हीकडच्या काही मंडळींना आपलं बरं चाललंय असं मनापासून वाटतं. पण माझ्या परतीच्या दिवशी सकाळी जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाडी संध्याकाळची होती. सकाळी मी केतकीला घेऊन बागेत गेले. बागेच्या मधोमध मुलांची घसरगुंडी आहे, तिच्यासमोर सिमेंटचा एक बाक. त्या बाकावर बाळूअण्णा आणि नागराज सर बसले होते. मधे माझ्यासाठी जागा ठेवली होती. आज तुम्ही गाणं वाजवायचं, आम्ही साथ करणार, असं त्यांचं ठरलेलं. मला विचारलंच नव्हतं.

मी बसले आणि साथ सुरू झाली. उजवीकडून ढुम्, डावीकडून चक-चक. मी आयुष्यभर एकटीनं वाजवलेलं. दुकानात, घड्याळांच्या टिकटिकीवर. आपल्या दोन्ही बाजूंनी अशी चाल सुरू झाली की काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. बाक खालून हलत होता. माझ्या बरगड्यांत बेस घुमत होता. सर मान डोलावत होते, बाळूअण्णांची दोन्ही बोटं बाज्यावर होती, आणि लाटेचा मागमूस नव्हता. मी माउथ ऑर्गन ओठांपर्यंत नेला आणि तसाच धरून बसले.

मधेच सरांनी वेग वाढवला. बाळूअण्णांनी डोळे वटारले. सर त्यांच्याकडे न बघता आणखी थोडे पुढे गेले, तेव्हा बाळूअण्णांनी कोपरानं मला ढकलून, माझ्या पाठीमागून सरांना ढोसलं. सरांनी वेग कमी केला आणि ढुम् वाजत असताना ते कन्नडमध्ये पुटपुटले. फुंकता फुंकता भांडायची त्यांची जुनी रीत असणार, कारण ताल एकदाही तुटला नाही. केतकी समोर मोबाईल धरून उभी होती, पण ती चित्रण करायचं विसरली होती.

पश्चिमेकडून दोघं आले. मग चौघं. पूर्वेकडून आपापले बाजे हातात घेऊन सरांची मंडळी आली. एक गट घसरगुंडीच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला उभा राहिला. घसरगुंडीवरची मुलंही थांबली. सगळे वाट बघत होते, गाणं सुरू होण्याची. कन्नड निघतं की हिंदी, हे प्रत्येकाला कळायचं होतं, म्हणजे टाळी वाजवायची की निघून जायचं हे ठरवता आलं असतं.

मला एकही गाणं आठवेना. खरं सांगायचं तर आठवून घ्यावंसं वाटेना.

शेवटी कन्नड गटातल्या एका आजोबांना राहवलं नाही. ते पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "याव हाडु?" कुठलं गाणं? त्याच वेळी पलीकडून कुणीतरी हिंदीत तेच विचारलं.

बाळूअण्णांना फुंकताना बोलता येत नव्हतं. सरांनी दोनचार चक-चक सोडले आणि उत्तर दिलं, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, आणि मग माझ्याकडे बघून, सात दिवसांत उचललेल्या मोडक्या मराठीत.

"अजून ठरला नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या चक-चकला बरोबर परत आले.